सत्तरच्या पुढचे नंबर

माझी अर्धी नोकरी महापालिकेच्या जकात विभागात गेली. पुढे जकात बंद झाली, नाके ओस पडले, आम्हाला वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकलं, पण संशय घ्यायची सवय काही कुणी परत मागितली नाही. ट्रकवाला खिडकीशी येऊन जरा जास्तच हसून बोलायला लागला, की मी शिपायाला खूण करायची आणि तो ताडपत्री उचलायचा. आमचे हे म्हणतात, "तुला देवळात प्रसाद दिला तरी तू पावती मागशील." म्हणू देत. ह्यांनी आजवर जितकं भेसळीचं तूप हौसेने घरी आणलंय, तितकं पंचवटीत कुणी आणलं नसेल.

आम्ही नाशकात दिंडोरी रोडला एका सोसायटीत राहतो. तिथे चोऱ्या झाल्या. चोऱ्या म्हणजे एका पोराची सायकल गेली आणि एकाच्या गच्चीवरचं पितळेचं घंगाळ गेलं. एवढ्यावरून मीटिंग बसली आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने गळ्यात कार्ड घालायचं असं ठरलं. दूधवाला, पेपरवाला, धुणंभांड्याच्या बायका, सगळ्यांनी. रोज येणाऱ्याला कायमचं कार्ड, आणि एखाद्या दिवशी येणाऱ्याला गेटवरून त्या दिवसापुरतं. कार्डावर वर सोसायटीचं नाव आणि खाली ठसठशीत नंबर. माणसाचं नाव नाही, फोटो नाही. "कुणाला गुन्हेगार असल्यासारखं वाटायला नको, म्हणून फक्त नंबर ठेवलाय," सेक्रेटरी म्हणाले. मला हे पटलं. आमचे सेक्रेटरी फार सभ्य गृहस्थ. निवृत्त इंजिनिअर, समोरून येणाऱ्याला आधी स्वतः नमस्कार करणार, आणि गणपतीची वर्गणी थकली तरी आवाज चढवणार नाहीत.

माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती पाववाल्यामुळे. तो रोज सकाळी सायकलवर पाव, खारी, टोस्ट घेऊन येतो. त्याच्या गळ्यात एकाहत्तर नंबर होता. मी पाव घेता घेता विचार केला, आमच्याकडे एकाहत्तर माणसं येतात? नाक्यावरची सवय, लगेच मनात मोजदाद सुरू झाली. कामवाल्या, गाड्या धुणारे, इस्त्रीवाला, डबेवाली, माळी, सगळे धरले तरी चाळिशीच्या आतच गाडं थांबत होतं. मग एसी दुरुस्त करणारा त्र्याहत्तर नंबर लावून आला. गाद्या पिंजणारे चाचा आले, ते शहात्तर. मधले नंबर गेले कुठे? पन्नाशीतला माणूस मला एकही दिसला नाही.

आमचा वॉचमन पेठ तालुक्याकडचा. पावसाळ्यात घरी भात-नागली लावायला जातो, एरवी इथेच. मी त्याला विचारलं, "काय हो, पन्नास नंबर कोणाला दिलाय?"

"पन्नास नाय ना बाई. असं दोन गठ्ठे देल्हेत मला सायबांनी." त्याने केबिनमध्ये बोट दाखवलं. भिंतीवर दोन खिळे होते आणि दोन्हींना कार्डं लटकत होती.

"मग कुठलं कोणाला, हे कसं ठरवता?"

तो जरा हसला, मान खाली घातली. "नाव विचारतो ना."

नंतर त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि उगाचच एका गाडीला हात दाखवत पुढे गेला. मी पाव घेऊन वर आले. माझा चहा त्या दिवशी गार झाला.

तरी मी म्हटलं, ताडपत्री उचलल्याशिवाय बोलायचं नाही. तेवढ्यात आमचा गीझर गळायला लागला. दोन प्लंबर आले, एकाच मोटरसायकलवर, एकाच पिशवीत हत्यारं घेऊन. एक मखमलाबादचा, थोडं खोदून विचारलं तर माझ्या माहेरच्या नात्यात निघेल असा. दुसरा जुन्या नाशकातला, मुसलमान. बाथरूममध्ये एक पान्हा धरायचा आणि दुसरा फिरवायचा, इतकं ते दोघांचं मिळून एकच काम होतं. पहिल्याच्या गळ्यात अडतीस आणि दुसऱ्याच्या गळ्यात सत्त्याहत्तर. दोघे एकाच मिनिटाला गेटमधून आत आले होते. मी विचारलं, "गेटवर काही त्रास झाला का?" मखमलाबादचा म्हणाला, "नाही मावशी." दुसरा पान्हा पुसत राहिला. मग पहिलाच ओशाळून म्हणाला, "ह्याची पिशवी उघडून बघितली. पिशवी तर माझी आहे."

मला इतका राग आला की त्यांना चहा द्यायचा राहिला. ते गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "सत्तरच का घेतलं असेल? सातशे शहाऐंशीमधला सात असेल बहुतेक." मी म्हटलं, "तुम्हाला कोडं सुटल्याचा आनंद झालाय का?" तर म्हणाले, "अगं, मी फक्त विचार केला." सत्तरच का, ते मला आजही माहीत नाही. कदाचित त्यामागे काहीही नसेल. मधे पुरेशी मोकळी जागा सोडली, म्हणजे गफलत होत नाही, एवढंच असेल. इंजिनिअर माणूस.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी मुसलमान हा शब्द कधी लिहीत नाही. सगळे सुशिक्षित. तिथे लिहिलेलं असतं, "सत्तरवाल्यांना लिफ्ट वापरू देऊ नये, जिना आहे." खाली अंगठे. "आज सत्तरवाला दुपारी एकपर्यंत आवारात होता, कोणाकडे आला होता?" खाली परत अंगठे. एकदा पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती. एकाने सोपा झेल सोडला, तर दुसरा ओरडला, "ए सत्तर! दिसत नाही का?" झेल सोडणारा आमच्या वरच्या मजल्यावर नवीन आलेल्या कुटुंबातला, चांगला जानवं घातलेला पोरगा. तो रडायला लागला. त्याची आई खाली आली आणि शिवी दिली म्हणून त्या दुसऱ्याला फटके मारले. कोणती शिवी, हे तिने विचारलं नाही, तिला ती बरोबर कळली होती.

गोदेच्या काठी, म्हणजे आमच्या गंगेवर, बुधवारच्या बाजारात गेले तरी डोळे भाजीवर ठरेनात. वांगी निवडता निवडता मी माणसं बघत बसायची. एक बाई आधी पैसे द्यायचा तो चौकोन मोबाईलने स्कॅन करायची, स्क्रीनवर विकणाऱ्याचं नाव यायचं, ते वाचायची, आणि मग म्हणायची, "रेंज नाही हो, राहू दे." पुढच्या गाड्यावर मात्र रेंज असायची. किंवा खरंच नसेल आधी. आता हे मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि हाच त्या काळातला सगळ्यात मोठा त्रास होता. कुणी नुसतं डोकं खाजवलं तरी मला वाटायचं, ह्यात काही खूण आहे. गाड्यांचे नंबर, दारावरचे स्टिकर, कोणी कोणता रंग नेसलाय, सगळं मी उलटून पालटून बघत होते. झोप कमी झाली. नोकरीत संशयाचा पगार मिळायचा, इथे नुसतं पित्त वाढत होतं.

शेवटी एक दिवस सेक्रेटरींना पार्किंगमध्ये गाठलं.

"सत्तरच्या पुढचे नंबर फक्त मुसलमानांना का देता?" मी सरळच विचारलं.

ते जराही दचकले नाहीत. "ताई, असं कुठे लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही, म्हणून तर विचारते."

"अहो, नंबर तो नंबर. त्याला कुठे जातधर्म असतो? तुम्हीच अर्थ काढताय." आणि मग अगदी काळजीने म्हणाले, "तुमच्याकडे लग्न आहे ना? दगदग होत असेल. काही मदत लागली तर सांगा, संकोच करू नका."

म्हणजे मीच दोषी. नाक्यावर असे लोक मी पुष्कळ पाहिले होते, ज्यांचे कागद इतके चोख असायचे की माल नक्की चोरीचा. पण तिथे उचलायला ताडपत्री तरी होती. इथे काय उचलणार? एक आकडा, आणि त्याखाली काही नाही.

लग्न होतं माझ्या मुलीचं. आणि खरी धास्ती मला तिथेच होती, कारण चुडा भरायला भाभी येणार होत्या.

भाभी म्हणजे आमच्या बांगडीवाल्या. जुन्या नाशकात त्यांचं छोटंसं दुकान आहे. मणियार, मुसलमान. माझ्या आजोळपासून आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात हिरवा चुडा त्यांच्याच घरच्या बाईने भरायचा, अशी रीत. माझा चुडा भरला तेव्हा भाभी नव्या सून होत्या आणि सासूच्या शेजारी बसून बांगड्या पुढे करत होत्या. माझी आई मळ्यातला झेंडू विकून दुपारी त्यांच्या दुकानात टेकायची, पाणी प्यायची, दोघी कुणाकुणाच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. आई त्यांना भाभी म्हणायची, म्हणून मीही भाभी, आणि माझी मुलगीही भाभीच. बांगडीवालीने घरी यायचं, नवरीला पाटावर बसवायचं, एका हातात एक बांगडी जास्त भरायची, आणि घरच्यांनी तिला साडी-चोळी, शिधा देऊन पाया पडायचं. कुंकू मात्र आम्ही भाभींना लावत नाही. आईने ठरवून दिलं होतं, त्यांच्या हातावर साखर ठेवायची. हे इतक्या वर्षांत कुणाला सांगावं लागलं नाही.

आता ह्या बाईला आमच्या गेटवर उभं करून नाव विचारणार, पिशवी उपसणार, गळ्यात सत्तरच्या पुढचा पट्टा अडकवणार आणि जिन्याने वर पाठवणार. त्यांचे गुडघे गेलेत. शिवाय व्याही मंडळी त्याच वेळी येणार. हे म्हणाले, "पोरीला दुकानावर घेऊन जा, प्रश्न मिटेल." मी उसळले. "माझ्या घरी कोण येणार, ते त्या खिळ्यावरून ठरणार का?" मुलगी म्हणाली, "आई, भाभी घरीच आल्या पाहिजेत." मी भाभींना फोन केला, "रिक्षातून उतरलात की मला फोन करा. मी खाली येते. माझ्याशिवाय गेटशी बोलू नका."

"हो गं. किती टेन्शन घेते," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी बाल्कनीतच होते. घरात पाहुणे, हळदीचा पसारा, आणि मी आपली गेटकडे टक लावून. मनात भांडण तयार होतं. सेक्रेटरी दिसले तर काय बोलायचं, वॉचमनला काय सुनवायचं, व्याह्यांसमोर झालं तरी चालेल, होऊ दे. फोन काही आला नाही. गेटमधून रिक्षा आली, केटरिंगवाला आला, काठापदराची साडी नेसलेली कुणी म्हातारी हातात पेटी घेऊन आली. मी तिच्यावरून नजर पुढे नेली. आणि थोड्या वेळाने बेल वाजली.

दारात भाभी होत्या. कपाळावर चांगली मोठी लाल टिकली, पदर आमच्या बायका घेतात तसा, आणि गळ्यात कार्ड. तेहतीस.

खोटं कशाला बोलू, तो आकडा बघून पहिल्यांदा मला हायसंच वाटलं. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

"लिफ्टने आले," भाभी म्हणाल्या आणि हसल्या. "आत घेशील का नाही?"

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. "हे काय केलंत भाभी? मी खाली येणार होते ना?"

"तू येशील, आणि भांडशील. पोरीच्या सासरचे बघतील. कशाला?" त्यांनी पेटी पलंगावर ठेवली आणि आरशासमोर उभं राहून टिकली काढली, आरशाच्या कडेला चिकटवली. माझ्या दोन-तीन टिकल्या तिथे होत्याच. "तुला काय वाटलं, आम्हाला नंबर माहीत नाय? आमच्या गल्लीतले गादीवाले तुमच्याकडे येतात ना, शहात्तर. सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे. तुमच्याकडे सत्तर, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये लाल दोरी, द्वारका चौकाकडे एक कॉम्प्लेक्स आहे, तिथे नंबराच्या मागे टिंब देतात. पोरं कामाला निघतात तेव्हा एकमेकांना सांगतात."

मी इतके महिने ज्याचा छडा लावत होते, डोकं फोडून घेत होते, ते त्यांच्या गल्लीत लहान पोरांनाही माहीत होतं.

"नाव काय सांगितलंत गेटवर?" मी विचारलं.

भाभी पेटीतून चुडा काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझ्या आईचं. पटकन तेच तोंडात आलं."

मग त्या बाहेर गेल्या, पोरीला पाटावर बसवलं. तिचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिला, तिला लग्नाआधी काय खायचं, काय नाही, त्यावरून चिडवलं आणि बांगड्या चढवायला लागल्या. बायका गात होत्या. मी शेजारी बसून हिरव्या बांगड्या एकेक पुढे करत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "तू सासरी चाललीस, दुसरं काय होणार?" सगळ्या बायका हळहळल्या. शेवटी मी भाभींच्या हातावर साखर ठेवली, साडी-चोळी दिली, वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर नेहमीसारखा हात ठेवला, जरा जास्त वेळ.

निघताना त्या परत आरशासमोर गेल्या. टिकली लावली, हाताने पदर सारखा केला.

"राहू द्या ना ती," मी म्हटलं. "मी येते तुमच्यासोबत. बघू कोण काय बोलतं."

"आत येताना लावली, आता जाताना काढून कसं चालेल?" त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "आणि ऐक. पोरीला दिवस गेले, डोहाळजेवण ठरलं, की तिला दुकानावर घेऊन ये. मस्त चहा पाजते, बांगड्या भरते. पण मी इथे नाय येणार आता. राग नाय गं. जीव घाबरतो माझा. लिफ्टमध्ये एक बाई बोलायला लागली, कुठल्या गावच्या तुम्ही, म्हणून. मला घाम फुटला."

मला म्हणायचं होतं, असं काही होऊ देणार नाही मी. पण काय होऊ देणार नव्हते? झालं होतंच. मी पेटी उचलली आणि त्यांच्याबरोबर खाली गेले.

गेटवर वॉचमन खुर्चीतून उठला. त्याने भाभींच्या हातात हात देऊन त्यांना उंबऱ्यावरून उतरवलं, तेहतीस नंबर घेतला, पुसून पहिल्या खिळ्याला अडकवला. रस्त्यात जाऊन स्वतः रिक्षा थांबवली. "सावकाश हां मावशी," म्हणाला. इतक्या मायेने तो सोसायटीत कुणाशी बोलताना मी ऐकला नव्हता. त्याच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. भाभींनी त्याला आशीर्वाद दिला, रिक्षा पंचवटी कारंज्याकडे निघून गेली.

तो परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. खुशीत होता.

"बरं केलंत बाई," म्हणाला. "लय जण त्या दुसऱ्या बांगडीवाल्यांना बोलावतात. तुम्ही आपल्यातली आणली."

माझं सगळं भांडण तोंडात तयार होतं. त्यातला एक शब्द जरी बोलले असते, तरी भाभींचं खोटं उघडं पडलं असतं, आणि ते माझ्या आईच्या नावावर होतं. मी मान डोलवली आणि वर आले.